लिहिणारे हात

खेड्यात सरकारी हुकूम कळवावयाचा असला, म्हणजे पूर्वी दवंडी पिटीत. कोतवाल डफ घेऊन वेशीपासून निघे. चावडीपुढे, देवळापुढे, पाणवठ्याजवळ तो थांबे, डफावर थाप मारी आणि ‘ऐका हो ऐका’ अशी आरोळी देऊन हुकूम सांगे. सारा भरण्याची तारीख असो, की गावात देवी टोचणारे येणार असोत, बातमी कोणी आणली हे लहानथोर सर्वांस ठाऊक असे. तिच्यात काही चूक निघाली, तर लोक कोतवालाला गाठीत. कोतवाल पाटलाकडे बोट दाखवी. आणि पाटील कचेरीतून आलेला कागद काढून पुढे ठेवी. बोललेल्या शब्दाचा माग असा पायरीपायरीने मागे नेता येई.

छापलेल्या पुस्तकाचेही तसेच आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्ध केला. १९२० ते १९२९ या काळात त्याचे २३ खंड प्रसिद्ध झाले. त्यासाठी केतकरांनी वर्गणीदार मिळविले, साहाय्यक जमविले आणि आयुष्यातील उमेदीची वर्षे वेचली. त्यांच्या कष्टांना मराठी भाषेत फारशी तोड नाही. खंडावर संपादकाचे नाव असे. मजकुराची जबाबदारी त्या नावावर असे. परंतु या व्यवस्थेत वाचकाच्या वाट्याला वाचण्यावाचून दुसरे काम नव्हते. एखाद्या वाचकास चूक सापडलीच, तर त्याने पत्र धाडावे आणि पुढील आवृत्तीची वाट पाहावी. ती कधी निघेल, निघेल की नाही, हे कोणी सांगावे? शिवाय जग थांबून राहत नाही. नंदुरबार हा जिल्हा धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा जुन्या ज्ञानकोशाचे सारे खंड चाळले, तरी त्यात नंदुरबार जिल्हा कोठून सापडणार!

संगणकांच्या जाळ्यावर पाने मांडण्याची कल्पना टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञाने १९८९ साली पुढे मांडली. आज ज्यांना संकेतस्थळे म्हणतात, ती या कल्पनेतून जन्मास आली. आरंभीची बहुतेक संकेतस्थळे कचेरीबाहेर काचेच्या पेटीत लावलेल्या सूचनाफलकासारखी होती. मजकूर मांडणारा एक, वाचणारे हजार. आणि मध्ये काच. ती काच काढून टाकण्याचे धाडस वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९५ साली केले. त्याच्या संकेतस्थळावरील पान वाचणाऱ्या कोणासही तेथल्या तेथे दुरुस्त करता येत असे. या सोयीला त्याने ‘विकी’ हे नाव दिले. होनोलुलूच्या विमानतळावर उतारूंची ने-आण करणाऱ्या बसगाडीचे नाव ‘विकी विकी’ असे होते. हवाई भाषेत त्याचा अर्थ ‘भरभर’. तोच शब्द त्याने उचलला.

पुढे जानेवारी २००१ मध्ये जिमी वेल्स व लॅरी सँगर यांनी या तत्त्वावर विकिपीडिया हा ज्ञानकोश सुरू केला. मराठी विकिपीडियाचा आरंभ १ मे २००३ चा, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनाचा. त्यात लिहिणाऱ्यांना वेतन नाही, मानधन नाही. शिक्षक, अभियंते, गृहिणी, विद्यार्थी, परदेशी स्थायिक झालेले मराठी लोक, असे कितीएक जण सवड काढून त्यात भर घालतात. केतकरांना ज्यासाठी कार्यालय थाटावे लागले, ते काम येथे ज्याच्या त्याच्या घरून चालते.

हे काम चालते कसे, ते एका उदाहरणावरून समजून घेणे सोपे जाईल. समजा, नंदुरबार शहरातील एखाद्या विद्यार्थिनीने आपल्या जिल्ह्याविषयीचे पान उघडले. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध. हंगामात शहराच्या आसपास मिरच्यांच्या पथारी पडतात आणि दृष्टी पोचेल तेथवर भूमी लाल दिसते. या पथारींविषयी पानावर चकार शब्द नाही, असे तिला आढळले. तिने पानाच्या माथ्यावरील ‘संपादन’ या शब्दावर टिचकी मारली, चार वाक्ये लिहिली आणि ती जतन केली. क्षणार्धात ती वाक्ये जगासमोर आली. अकोल्याच्या वाचकास ती दिसली, तशी अमेरिकेतील वाचकासही दिसली. दुसऱ्या दिवशी कोणा अनोळखी माणसाने तिच्या लेखनातील शुद्धलेखनाची चूक सुधारली. तिसऱ्या दिवशी आणखी कोणी एका वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण केली. म्हणजे, हे विधान कोणत्या पुस्तकाच्या वा वृत्तपत्राच्या आधारे केले, ते दाखवा. तिला हे थोडे झोंबलेही असेल. पथारी तर ती रोज शाळेच्या वाटेवर पाहते. त्याला पुस्तकाचा आधार कशाला? परंतु खूण करणाऱ्याने नंदुरबार पाहिलेले नाही आणि लिहिणारी कोण हेही त्याला ठाऊक नाही. त्याच्या हाती केवळ तिचे शब्द आहेत. शब्दांस साक्षीदार मागणे, यात त्याने वावगे काय केले?

या पानाच्या माथ्यावर आणखी एक शब्द असतो. तो म्हणजे ‘इतिहास पहा’. बहुतेक वाचकांचे लक्ष तिकडे जात नाही. वास्तविक साऱ्या व्यवस्थेचा कणा तोच आहे. तेथे टिचकी मारली, की ते पान प्रथम कोणी निर्माण केले, त्यानंतर कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी कोणता शब्द घातला वा काढला, याची संपूर्ण यादी दिसते. टोपणनावाने लिहिणाऱ्याचे टोपणनाव तेथे राहते. नाव न नोंदविता लिहिणाऱ्याचीही काही खूण त्या नोंदीत उमटते. जुनी प्रत नष्ट होत नाही. कोणी खोडसाळपणे सारे पान पुसून टाकले, तर दुसरा कोणी आदल्या दिवसाची प्रत काढून ती पूर्ववत करतो. पुसणाऱ्यास पुसण्यासाठी जेवढे कष्ट पडतात, त्याहून कमी कष्टांत ते भरून निघते. चार भिंतींचे रक्षण नसूनही ही वास्तू उभी राहिली, ती या नोंदवहीच्या बळावर.

तथापि साक्षीदार मागण्याच्या या नियमाचा जाच काही जणांस अधिक होतो, हे सांगितले पाहिजे. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा या तालुक्यांत पावरा व भिल्ल समाजाची वस्ती मोठी आहे. कोणते झाड कोणत्या दुखण्यावर उपयोगी पडते, कोणत्या डोंगराची कोणती कथा, होळीच्या वेळी कोणती गाणी म्हणावयाची, हे ज्ञान तेथील वृद्धांच्या मुखी असते. त्यातले पुष्कळसे कोणी छापलेले नाही. छापलेले नाही म्हणून आधार नाही. आधार नाही म्हणून ज्ञानकोशात जागा नाही. शहरांविषयी, नटांविषयी आणि क्रिकेटपटूंविषयी मजकुराचा सुकाळ, आणि धडगावच्या आजीजवळचे भांडार मात्र बाहेरच, असे त्यामुळे होते. यावर उपाय निघावयास हवा. तो अद्याप पुरता निघालेला नाही.

शब्दांप्रमाणे नकाशेही असे अनेक हातांनी काढता येतात. ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांनी मिळून काढावयाचा जगाचा नकाशा स्टीव्ह कोस्ट या इंग्रज गृहस्थाने २००४ साली सुरू केला. १२ जानेवारी २०१० रोजी हैती या देशात भीषण भूकंप झाला. पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीचे तपशीलवार नकाशे साहाय्य पथकांना हवे होते आणि ते मिळत नव्हते. तेव्हा देशोदेशींच्या शेकडो लोकांनी आपापल्या घरी बसून, आकाशातून घेतलेली छायाचित्रे पाहत पाहत, त्या शहरातील रस्ते व गल्ल्या काही दिवसांत नकाशावर उतरविल्या. औषधे व अन्न घेऊन जाणाऱ्यांना त्यांचा उपयोग झाला. त्या शेकडो जणांपैकी किती जणांनी पूर्वी हैतीचे नाव तरी ऐकले असेल! सातपुड्यात एका गावाचे अनेक पाडे असतात आणि एक पाडा दुसऱ्यापासून डोंगराआड दूर असतो. आजाऱ्याला आणावयास निघालेल्या गाडीला कोणता पाडा कोणत्या नाल्यापलीकडे, हे सांगणारा नकाशा त्या पाड्यावरील मुलांइतका अचूक दुसरे कोण काढील?

येथवर लाभाची बाजू झाली. आता दुसरी.

जॉन सीगेन्थेलर हे अमेरिकेतील नामांकित पत्रकार होते. तरुणपणी त्यांनी रॉबर्ट केनेडी यांचे साहाय्यक म्हणून काम केले होते. पुढे रॉबर्ट केनेडी यांचा खून झाला. त्यांच्यापूर्वी त्यांचे बंधू, राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांचाही खून झाला होता. मे २००५ मध्ये कोणा अज्ञात व्यक्तीने विकिपीडियावरील सीगेन्थेलर यांच्या पानात लिहिले, की या दोन्ही खुनांत त्यांचा हात असावा असा एकेकाळी संशय होता. ही गोष्ट धादांत खोटी होती. ज्या मित्राच्या अंत्ययात्रेत सीगेन्थेलर यांनी खांदा दिला, त्याच्याच खुनाचा ठपका! सुमारे चार महिने तो मजकूर तसाच राहिला. ज्यांनी वाचला, त्यांपैकी किती जणांनी तो खरा मानला याची मोजदाद नाही. सीगेन्थेलर यांनी वृत्तपत्रात लेख लिहून आपली व्यथा मांडली. मग शोध सुरू झाला आणि नोंदवहीतील खुणेवरून तो एका लहानशा कंपनीच्या कचेरीपर्यंत पोचला. तेव्हा तेथील एका कर्मचाऱ्याने पुढे येऊन कबुली दिली. आपल्या सोबत्याची गंमत करावी, एवढाच आपला हेतू होता, असे त्याने सांगितले व क्षमा मागितली. याच प्रकरणावरून, नाव न नोंदविलेल्या माणसाने नवे पान निर्माण करू नये, असा निर्बंध इंग्रजी विकिपीडियाने घातला.

अनेक हातांची व्यवस्था चार महिने झोपी जाऊ शकते, हे या प्रकरणाने दाखविले. पण त्या झोपेतही नोंदवही उघडी होती, हेही तितकेच खरे.

मुलांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो, तो त्यांनी स्वतःविषयी लिहिलेल्या मजकुराचा. घराचा पत्ता, शाळेची वेळ, गणवेशातील छायाचित्र ही माहिती मैत्रिणीसाठी म्हणून मांडली, तरी ती वाचणारा मैत्रीणच असेल असे नाही. भारताच्या संसदेने २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा केला, त्यात अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी त्यांच्या आईवडिलांची किंवा पालकांची संमती घेण्याची अट घातलेली आहे. माहिती गोळा करणाऱ्यांसाठी ही अट झाली. स्वतः होऊन ती वाटून टाकणाऱ्याला कायदा कितीसा अडवू शकणार?

आणि आता ती गोष्ट, जी नंदुरबारच्या सीमेला लागून घडली.

व्हॉट्सॲप हे संकेतस्थळ नव्हे. ती संदेश धाडण्याची यंत्रणा आहे. परंतु तिच्यातील मजकूरही वापरणारे लोकच घालतात व लोकच पुढे सारतात. २०१८ साली देशाच्या अनेक भागांत या मार्गाने एक बातमी पसरली. मुले पळविणाऱ्या टोळ्या आल्या आहेत, अनोळखी माणसांपासून सावध राहा, असे तिच्यात म्हटलेले असे. प्रांत बदलला, की भाषा बदले आणि गावाचे नाव बदले. सोबत कधी छायाचित्र असे, कधी चित्रफीत. आईबापांच्या काळजाला हात घालणारी बातमी ती. खरी की खोटी हे पाहण्याइतका धीर कोणाला राहणार? प्रत्येकाने आपल्या आप्तांना सावध करावे या सद्हेतूनेच ती पुढे धाडली. दुष्टपणाने धाडणारे थोडे असतील. काळजीपोटी धाडणारेच अगणित होते.

१ जुलै २०१८ हा रविवार होता. नंदुरबार जिल्ह्यात त्या दिवशी जिल्ह्याच्या स्थापनेला वीस वर्षे पूर्ण होत होती. जिल्ह्याला लागूनच धुळे जिल्ह्याचा साक्री तालुका आहे. त्या तालुक्यातील राईनपाडा या आदिवासी गावी तो आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. त्या गावात नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या जमातीचे पाच पुरुष आले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढे तालुक्याचे राहणारे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे, हा या जमातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. ज्या गोरखनाथाची यात्रा महाशिवरात्रीस सातपुड्यातील तोरणमाळ येथे भरते, त्याच नाथसंप्रदायाचे नाव ही जमात धारण करते. त्या पाचांपैकी एकजण बाजारात एका लहान मुलीशी बोलू लागला, असे सांगतात. तेवढ्यावरून ‘मुले पळविणारे’ असा गलका झाला. लोक धावले. त्या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कचेरीत नेऊन जमावाने मारहाण केली. तीत पाचहीजण प्राणास मुकले. त्यांनी कोणाचेही मूल पळविले नव्हते.

त्या गावातील माणसे इतर गावांतील माणसांसारखीच होती. कष्ट करणारी, मुलाबाळांवर जीव लावणारी. त्यांतील कित्येकांनी स्वतः तो संदेश वाचलाही नसेल. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला असेल. दवंडीची बातमी असती, तर कोणी तरी म्हटले असते, ‘कोतवालाला विचारा.’ येथे विचारावयाचे कोणाला? संदेश ज्याच्याकडून आला, त्याला तो दुसऱ्याकडून आलेला. त्या दुसऱ्याला तिसऱ्याकडून. ‘इतिहास पहा’ असा शब्द त्या संदेशाच्या माथ्यावर नव्हता. चूक दुरुस्त करणाऱ्या अनोळखी माणसाचा हात तेथवर पोचण्याची सोयही नव्हती. कारण असा संदेश एका ठिकाणी मांडलेला नसतो. तो लाखो दूरध्वनींत लाखो प्रती होऊन बसलेला असतो. एका प्रतीतील चूक सुधारली, तरी बाकीच्या तशाच राहतात.

राईनपाड्याच्या घटनेने देश हादरला. त्याच महिन्याच्या १७ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेस आळा घालण्याविषयी केंद्र व राज्य सरकारांना आदेश दिले. व्हॉट्सॲप चालविणाऱ्या कंपनीनेही त्याच महिन्यात दोन बदल केले. दुसऱ्याकडून आलेला संदेश पुढे धाडला, तर तो ‘पुढे पाठविलेला’ आहे अशी खूण त्यावर दिसू लागली. आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी तो धाडता येऊ नये, असे बंधन घालण्यास आरंभ झाला. जानेवारी २०१९ मध्ये हेच बंधन साऱ्या जगासाठी लागू केले गेले. एप्रिल २०२० पासून तर, जो संदेश आधीच पुष्कळ हातांतून गेला असेल, तो एका वेळी एकाच ठिकाणी धाडता येतो. बोट थोडे अडले, हे खरे. परंतु संदेश प्रथम कोणी लिहिला, हे त्या खुणेवरून आजही कळत नाही. कंपनीचे म्हणणे असे, की पत्राचा मजकूर पोस्टमनने वाचू नये, तसा आम्हीही वाचत नाही. माग ठेवावयाचा तर सर्वांचाच ठेवावा लागेल, आणि मग खासगी बोलणे खासगी राहणार नाही. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. आजारी आईची विचारपूस करणाऱ्या मुलाच्या संदेशाची नोंदवही कोणी ठेवावी, असे कोणास वाटेल? या दोहोंची सांगड कशी घालावी, यावर जाणत्या लोकांचा वाद अजून चालू आहे.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक कोठून आली होती, ते मात्र पत्रकारांनी शोधून काढले. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांपैकी एकाला उचलतात आणि निघून जातात, एवढेच लोकांनी आपल्या दूरध्वनीवर पाहिले होते. ती भारतातील नव्हतीच. पाकिस्तानातील कराची शहरात, पालकांनी मुलांकडे लक्ष ठेवावे यासाठी एका संस्थेने ती मुद्दाम तयार केली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला पुन्हा त्याच्या सोबत्यांत सोडतात आणि कराचीच्या रस्त्यावरून मूल नाहीसे होण्यास एक क्षण पुरतो, अशा अर्थाचा फलक पुढे धरतात. तेवढा भाग कोणी तरी कापून टाकला होता. संपूर्ण चित्रफीत त्या काळीही जालावर होती आणि कोणालाही पाहता येत होती.